लाल बंगल्याचा इंजिनिअर

दारव्ह्याहून यवतमाळकडे धावणाऱ्या काळीपिवळी जीपवाल्यांनी आपसात एक नियम पाळला आहे. लाल बंगल्याच्या फाट्यावर कोणी उतरणार असेल तर जीप पूर्ण थांबवायची नाही, नुसती हळू करायची. पूर्ण थांबली की फाट्यावरच्या कडुनिंबाखालून सदाशिवराव उठतात, खिडकीत कोपर ठेवतात आणि आतला सर्वांत अनोळखी चेहरा हेरून विचारतात, "आमचा बंगला पाह्यला का तुमी?" नाही म्हणणाऱ्याचा पाऊण तास जातो. हो म्हणणाऱ्याचाही वाचत नाही, कारण त्याला पुढचा प्रश्न तयार असतो, "आतून पाह्यला का?"

सदाशिवरावांचं वय सदुसष्ट. या सदुसष्ट वर्षांत त्यांनी काय केलं असा प्रश्न गावात कोणी विचारत नाही, कारण उत्तर सगळ्यांना माहीत आहे. त्यांनी बंगला दाखवला. यवतमाळच्या कॉलेजात दोन वर्षं काढून ते परत आले, कारण बंगल्यावाचून करमेना. एकदा ग्रामपंचायतीला उभे राहिले. प्रचाराला घरोघर गेले आणि मत मागायचं सोडून प्रत्येकाच्या भिंतीवर टिचकी मारून ती पोकळ असल्याचं सांगून आले. सात मतं पडली. मुलगा पुण्यात दहाव्या मजल्यावर राहतो, तिथंही एकदा जाऊन टिचकी मारून आले. तेव्हापासून मुलगा त्यांना दिवाळीला स्वतःच भेटायला येतो. कपाशी, तूर आणि सोयाबीन पिकवणारं तीस एकर वावर त्यांच्या पत्नी बेबीताई सांभाळतात. त्या वावराच्या मधोमध उभा असलेला बंगला सदाशिवराव सांभाळतात, म्हणजे त्याच्याकडे पाहतात. वडील वारले तेव्हा तेरवीला आलेल्या पाहुण्यांना त्यांनी एकेक करून सागवानी आढं दाखवलं. एका म्हाताऱ्या मामांचा समज झाला की गेलेले बहुतेक त्या आढ्यावरून पडूनच गेले. मामा नंतर कधी त्याच्याखाली बसले नाहीत.

बंगला मात्र पाहण्यासारखा होता, हे कबूल केलं पाहिजे. शंभरावर वर्षांपूर्वी कापसाला बरे दिवस होते तेव्हा सदाशिवरावांच्या आजोबांनी तो बांधून घेतला. नाल्याच्या गाळाची माती, वावरातच लावलेली विटांची भट्टी, बैलघाण्यात मळलेला चुना. इकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वर जे उभं असेल त्याला हलवून पाहते. म्हणून पाया थेट मुरूम लागेपर्यंत खाली नेलेला. पुढे ओसरीसारखी कमानींची लांब छपरी, वर कवेलूचं, म्हणजे कौलांचं छप्पर. उजव्या हाताला कापसाची खोली. तिच्या भिंतीत एक वीट लावायची, एक सोडायची, अशी जाळी केलेली. वारा आत जातो, पाऊस बाहेर राहतो, कापूस पिवळा पडत नाही. डाव्या हाताला गुरांच्या कुटाराची, म्हणजे भुसा-चाऱ्याची खोली. आणि सगळ्यांच्या मागे गुरांचा कोठा, जो सदाशिवराव कोणाला दाखवत नसत. गिलावा कुठेच नाही. सगळी उघडी लाल वीट.

हे सगळं, सदाशिवरावांच्या सांगण्याप्रमाणे, नागपूरच्या एका इंजिनिअरचं डोकं होतं. हा इंजिनिअर त्यांच्या तारुण्यात नुसता इंजिनिअर होता. त्यांच्या लग्नानंतर त्याला हॅट आली. मुलाच्या मुंजीच्या सुमारास तो घोड्यावरून येऊ लागला. गेल्या उन्हाळ्यात बँकेच्या साहेबांना बंगला दाखवताना घोड्यामागून एक शिकारी कुत्राही धावत आला, आणि बेबीताई आतून म्हणाल्या, "त्याले भाकर टाकू का?"

बंगल्याची आणखी एक गोष्ट या फेरीत कधी येत नसे. पुढच्या दाराच्या बाहेर, छपरीच्या भिंतीत कोनाड्यासारखी एक देवळी होती आणि तिच्यात एक कान तुटलेला कप पालथा घातलेला होता. सदाशिवरावांच्या वडिलांच्या काळापासून तो काही ठरावीक लोकांच्या चहासाठी होता. सदाशिवराव सुधारलेले. आपण असलं काही पाळत नाही, हे ते चारचौघांत ठणकावून सांगत. फक्त कप काढायचा राहून गेला होता. चाळीस वर्षं.

त्या ठरावीक लोकांपैकी एक म्हणजे गावातला धर्मपाल गवंडी. वय सदाशिवरावांच्याच आसपास, हात सावकाश, जीभ त्याहून सावकाश आणि धारदार. बंगल्याचे कवेलू दर उन्हाळ्यात फेरायचं काम त्याच्या घराण्याकडे. चहाची वेळ झाली की तो म्हणे, "मी सोडला जी चहा." फाट्यावरच्या टपरीवर तो दिवसाला सात कप पीत असे, हे टपरीवाल्यापासून बेबीताईंपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं.

अशा या सुखी संसाराला किसनरावांची दृष्ट लागली. रस्त्यापलीकडच्या किसनरावांनी स्लॅबचं दोन मजली घर बांधलं. चकचकीत टाइल्स, स्टीलचे कठडे आणि गच्चीच्या कोपऱ्यावर पंख पसरलेला सिमेंटचा गरुड, त्याच्या पोटात पाण्याची टाकी. येणारेजाणारे थांबून गरुडाचे फोटो काढू लागले. तेही एक वेळ चाललं असतं. पण वास्तुशांतीच्या दिवशी, पाच-पन्नास माणसं जमलेली असताना, किसनराव अत्यंत आपुलकीनं म्हणाले, "सदाभाऊ, तुमचं प्लास्टर राहूनच गेलं नाई? घरकुलाच्या यादीत नाव टाकू का?"

लोक हसले. आमच्याकडे उघडी वीट म्हणजे बांधता बांधता दमलेलं घर. शंभर वर्षांच्या ज्या विटेवर सदाशिवरावांनी मान ताठ ठेवली ती वीट एका वाक्यात गरीब झाली. त्या दिवशी ते घरी आले आणि पहिल्यांदाच बंगल्याकडे किसनरावांच्या डोळ्यांनी पाहिलं.

नेमक्या त्याच आठवड्यात पुतणीचा फोन आला. निशिगंधा नागपूरला आर्किटेक्चर शिकते. तिच्या कॉलेजातर्फे जिल्ह्यातल्या जुन्या शेतघरांची यादी चालली होती. तिनं मोठ्या बाबांच्या बंगल्याचं नाव सुचवलं होतं. तिच्या प्राध्यापक शीला मॅडम जानेवारीत पाहायला येतील, पसंत पडलं तर पुस्तकात छापतील आणि दारावर पितळी पाटी लावतील. "जसं आहे तसंच ठेवा हं, मोठे बाबा," असं ती शेवटी म्हणाली. पण पाटी हा शब्द कानात गेल्यावर सदाशिवरावांना पुढचं काही ऐकू आलं नव्हतं.

पाटी. सात मतं पडलेल्या माणसाच्या दारावर पितळी पाटी. आयुष्यभर जे तोंडानं सांगितलं ते धातूवर कोरलेलं, आणि ते गरुडाच्या बरोबर समोर. सदाशिवरावांना दुसरं काही नको होतं. त्यांनी ठरवलं की मॅडम येण्याआधी बंगला पाटीच्या लायकीचा करायचा, आणि धर्मपालला बोलावणं धाडलं.

प्लास्टर म्हटल्यावर धर्मपालनं आधी बंगल्याकडे पाहिलं, मग सदाशिवरावांकडे, आणि आजारी कोण आहे याचा अंदाज घेतला.

"भाऊ, हे वीट पावसाळ्यात वल पिते, हिवाळ्यात सोडते," तो म्हणाला. "तुमी तिच्या तोंडावर सिमेंट थापान, मंग ते वल कुठी जाईन?"

"तुले काम नसन करायचं तं तसं सांग."

"काम करतोच ना जी. चाळीस वर्सापासून कवेलू फेरून राह्यलो. पन हे काम नाही. हे जित्या मानसावर माती टाकनं होय."

सदाशिवरावांनी त्याला जुन्या विचारांचा ठरवलं आणि यवतमाळहून एक ठेकेदार आणला. पंधरा दिवसांत बंगल्याच्या चारी भिंती सिमेंटच्या कुशीत गेल्या. कापसाच्या खोलीची जाळी म्हणजे मिस्त्रीची चूक असावी असं समजून ठेकेदाराच्या माणसांनी तीही उदारपणे बुजवून टाकली. दाराशेजारच्या देवळीत तर त्यांनी डोकावूनसुद्धा पाहिलं नाही. आत हात न घालता वरून पत्रा ठोकला आणि थापी फिरवली. कोठा तेवढा राहिला. ठेकेदारानं विचारलं होतं, पण सदाशिवराव म्हणाले की कोठा कोण पाहतो.

मग रंगाची गोष्ट निघाली. आता पांढरा-पिवळा कोणी देत नाही, असं पेंटर म्हणाला. यवतमाळला, अमरावतीला सगळीकडे विटांच्या डिझाइनची फॅशन आहे. लाल रंग द्यायचा आणि वर पांढऱ्या रेघांनी विटा काढायच्या. सदाशिवरावांना कल्पना बेहद्द आवडली. जुन्या विटा लहानमोठ्या होत्या, काही जास्त भाजलेल्या, काही फिक्या. या नव्या विटा अगदी एकसारख्या, पट्टी लावून काढलेल्या. कमानींवरही पेंटरनं आडव्याच विटा काढल्या. खऱ्या विटा तशा बसवल्या असत्या तर कमान त्याच दिवशी त्याच्या डोक्यावर आली असती. काम झाल्यावर सदाशिवराव रस्त्यापर्यंत मागे मागे चालत गेले आणि डोळे भरून पाहून आले. बेबीताई छपरीत तूर निवडत होत्या.

"खऱ्या विटीवर खोट्या विटी काढल्या," त्या म्हणाल्या. "आता एकडाव माह्या तोंडावर माहाच फोटो चिटकवा."

जानेवारीत निशिगंधा आणि शीला मॅडम आल्या. तोवर बंगल्यानं धर्मपालचं म्हणणं मनावर घेतलं होतं. आत कोंडलेल्या ओलीनं जमिनीलगतचं प्लास्टर हातभर उंचीपर्यंत फुगलं होतं, चितारलेल्या विटांना पोपडे आले होते, आणि कापसाच्या खोलीतून ओल्या गोधडीसारखा वास येत होता. निशिगंधा फाटकापाशीच थांबली. तिनं तोंडावर हात ठेवला. सदाशिवरावांना वाटलं, पोरगी भारावली.

मॅडमनी एका पांढऱ्या रेघेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "मूळ वीट कुठाय?"

"आतमधी आहे ना मॅडम," सदाशिवराव अभिमानानं म्हणाले. "एकदम सुरक्षित."

मॅडमनी वही मिटली. अतिशय सभ्य भाषेत त्यांनी सांगितलं की बंगला यादीत घेता येणार नाही. सदाशिवराव हसले, कारण त्यांना ती थट्टा वाटली. मग त्यांनी निशिगंधाचा चेहरा पाहिला आणि ते छपरीच्या पायरीवर बसले. इंजिनिअर, हॅट, घोडा, कुत्रा, सगळं न सांगताच राहिलं. समोर किसनरावांचा गरुड पंख पसरून उभा होता आणि पहिल्यांदाच तो त्यांच्याचकडे पाहत असल्यासारखा वाटला.

बेबीताईंनी वेळ सावरली. म्हणाल्या, आल्यासारखं निदान गाय पाहून जा, कालच व्यायली. म्हणून सगळे मागे कोठ्याकडे गेले. तिथे धर्मपाल बसून गव्हाणीची फुटलेली कड बांधत होता. बेबीताईंनीच त्याला बोलावलं होतं. मॅडम गाईजवळ गेल्या, वासराकडे बघून हसल्या, मग त्यांची नजर वर गेली आणि त्या गाय विसरल्या.

कोठ्याच्या पुढच्या अंगाला ओळीनं तीन कमानी होत्या. पहिली वाकडी, एका खांद्यानं उतरलेली, फटींमध्ये विटांचे तुकडे कोंबलेले. दुसरी बरीच सरळ. तिसरी अशी नेमकी की जणू बंगल्याच्या छपरीतलीच उचलून आणून बसवलीय.

"हा माणूस शिकतोय," मॅडम हळूच म्हणाल्या. "इथं शिकला आणि मग तिकडे बांधला. कोठा आधीचा आहे."

सदाशिवरावांनी ताबडतोब दुरुस्ती केली. कोठा नंतरचा, उरलेल्या विटांचा, हे त्यांचे वडील सांगत. मॅडमनी धर्मपालकडे पाहिलं. त्यानं थापी पाण्यात बुडवून बाजूला ठेवली.

"आधी कोठाच बांधला जी," तो म्हणाला. "हात बसवाले. माह्या पणज्यानं, सोनबानं. विटा भाजे तो, पन कमान कधी केली नोती त्यानं. यवतमाळले बैलबंडीनं कापूस घेऊन गेलता, तं जिनिंगच्या दाराची कमान पाहून आला. दोन दिवस खालीच बसून पाह्यली म्हनते."

"आणि ही कडी?" मॅडमनी आढ्याकडे बोट दाखवलं. तिथे एक जाड लोखंडी कडी होती.

"वजनकाट्याची," सदाशिवराव म्हणाले.

"पाळन्याची," धर्मपाल म्हणाला. "बंगला होयपर्यंत दोन वर्स तुमचे आजोबा घरच्यायले घेऊन इथीच राह्यले. ते पाहा चुलीची काजळी. तुमच्या बाबाचा पाळना या कडीले होता, भाऊ."

गाईनं या ठिकाणी शेपूट हलवलं. सदाशिवरावांचे वडील, ज्यांच्या तेरवीला लोकांनी सागवानी आढं पाहिलं होतं, ते मुळात या आढ्याखाली, बैलांच्या शेजारी झाले होते.

निशिगंधानं वही उघडली. "मोठे बाबा, इंजिनिअरचं नाव काय होतं?"

सदाशिवरावांनी तोंड उघडलं. पन्नास वर्षांत त्यांनी त्या माणसाला हॅट दिली, घोडा दिला, कुत्रा दिला. नाव द्यायचं मात्र राहून गेलं होतं.

"तुले माहीत होतं तं इतके वर्स सांगतलं काहून नाही?" त्यांनी धर्मपालला विचारलं. आवाज चढवायचा होता, पण चढला नाही.

"तुमी इचारलं कधी? आन इंजिनिअरचं दरवर्सी वाढूनच राह्यलं होतं. मी म्हनलं, पाहू तं कुठलोक जाते."

मॅडमनी मग सरळ प्रस्ताव ठेवला. कोठा यादीत जाईल. पाटी कोठ्यावर लागेल. तिच्यावर लिहिलं जाईल की या शेतातली ही पहिली वास्तू, कुटुंब आधी इथे राहिलं, आणि बांधणारा सोनबा गवंडी. घरमालकाची संमती म्हणून खाली सही हवी. बंगल्याचं प्लास्टर विटांना धक्का न लावता काढता आलं, तर पुढच्या वर्षी त्याचाही विचार करता येईल.

सदाशिवरावांनी घासाघीस करून पाहिली. पाटी कोठ्याची, पण लावायची बंगल्यावर. नाही. सोनबाचं नाव खाली आणि आजोबांचं वर. नाही. निदान कोपऱ्यात, बारीक अक्षरात, 'मार्गदर्शन: नागपूरचे इंजिनिअर'. यावर मॅडमनी पेनाला टोपण लावलं. एका बाजूला इंजिनिअर होता, तो गेला की आजवर बंगला दाखवलेला प्रत्येक माणूस हसणार होता. दुसऱ्या बाजूला गुरांच्या कोठ्यावरची पाटी. सवयीनं सदाशिवरावांनी शेजारच्या भिंतीवर टिचकी मारली. घट्ट, कोरडा, भरलेला आवाज आला. बंगल्याच्या भिंती दोन महिन्यांपूर्वीपर्यंत असाच आवाज देत. त्यांनी पेन मागितलं.

"गरुडाले पाटी नाई," सही करताना ते एवढंच पुटपुटले.

पाटी लागली. इंजिनिअर आपला घोडा आणि कुत्रा घेऊन जिल्हा सोडून गेला. आता कडुनिंबाखालून उठून सदाशिवराव जीपच्या खिडकीत विचारतात, "आमचा कोठा पाह्यला का?" आणि पाहुण्याला पहिल्या वाकड्या कमानीखाली उभं करून दोन दिवस खाली बसलेल्या सोनबाची गोष्ट सांगतात. जीपवाल्यांचं म्हणणं, फेरी पाऊण तासाची होती ती सव्वा तासाची झाली. गेल्या महिन्यात सोनबा जिनिंगपुढे तीन दिवस बसला होता. धर्मपालला हे कळलं तेव्हा तो म्हणाला की चौथा दिवस लागला की मी येऊन सांगतो.

राहिलं बंगल्याचं प्लास्टर. ते काढायला धर्मपालनं साफ नकार दिला. मी लावलं नाही, मी काढणार नाही. बसून सांगीन तेवढं. म्हणून रोज सकाळी धर्मपाल छपरीत बाजेवर बसतो आणि सदुसष्ट वर्षांचे सदाशिवराव छिन्नी-हातोडी घेऊन बोटभर बोटभर सिमेंट सोडवतात. जोरात मारली तर विटेचा पापुद्रा निघून येतो. दिवसाला हात-दीड हात भिंत होते. रस्त्यावरून किसनराव जातात, थांबतात, आणि आता काय बांधून राह्यले असं विचारतात. सदाशिवराव हातोडी मारत राहतात. तोंडात धूळ असते.

गेल्या मंगळवारी ते पुढच्या दाराशी पोचले. सवयीनं टिचकी मारली आणि भिंत पोकळ बोलली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं ते निदान बरोबर होतं. त्यांनी छिन्नी लावली, पत्रा सुटून खाली पडला, आणि आत देवळी होती. देवळीत कान तुटलेला कप पालथा, जसा होता तसा. ठेकेदाराच्या माणसांनी बंगल्यातली एवढी एकच गोष्ट जशीच्या तशी जपली होती.

धर्मपाल बाजेवरून उठला. जवळ आला, कप नीट पाहिला, हात लावला नाही.

"हा तुमच्या इंजिनिअरचा असन, भाऊ," तो म्हणाला.

सदाशिवराव कप हातात घेऊन उभे राहिले. रस्त्यावर जीप हळू झाली, दोन माणसं उतरली, त्यांतलं एक चांगलं अनोळखी होतं. पण बंगल्यातली वस्तू हातात असून सदाशिवरावांनी ती कोणाला दाखवली नाही. त्यांनी तो कप फुटक्या सिमेंटच्या ढिगात टाकला, वरून घमेलं रिकामं केलं, आणि धर्मपालकडे न पाहता विचारलं, "चहा घेशीन का? आमच्यासंगं, आतमधी बसून."

धर्मपाल परत बाजेवर जाऊन बसला. त्यानं भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली.

"पुरी होऊ द्या," तो म्हणाला. "मंग पाहू. आन हळू मारा, ते वीट माह्या पणज्याची आहे."

भिंत अजून चाळीस फूट बाकी होती.